उस्तादांचा कान

ज्या दिवशी रमजान शिकलगारांनी आबासाहेबांना सव्विसाव्या बैठकीला थांबवले, तो गुरुवार होता. सांगलीत नदीकाठच्या मैदानावर मांडव घातला होता. आबासाहेबांना एक्कावन्न वर्षे पूर्ण झाली होती आणि त्यांना एक्कावन्न बैठका मारायच्या होत्या. सव्विसावी झाल्यावर शिकलगारांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना खुर्चीवर बसवले. शनिवारी शिकलगारांना कामावरून कमी केले. तो ठराव माझ्या अक्षरात आहे.

आमचे प्रौढ व्यायाम मंडळ दुष्काळ सरल्यानंतरच्या वर्षी स्थापन झाले. गावातल्या प्रतिष्ठितांची पोटे दुष्काळातही उतरली नव्हती, हे कोणी बोलून दाखवत नसे. पण जिना चढताना सगळ्यांनाच ते जाणवत होते. आबासाहेब एका सहकारी संघाचे अध्यक्ष होते, म्हणून मंडळाचेही अध्यक्ष झाले. अध्यक्ष होण्याची त्यांना सवयच होती. डंबेल्सची पहिली जोडी येण्याआधी मंडळाचा रबरी शिक्का आला, लेटरहेड छापून आले आणि घटनेचा मसुदा तीन वेळा दुरुस्त झाला. मी गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. तो शब्द जिभेला जड, म्हणून मला सगळे मास्तर म्हणत. अक्षर बरे असल्यामुळे मला मंडळाचा चिटणीस केले. शिवाय वाचनालयाच्या शिडीवर पाचव्या पायरीला मला धाप लागते, हे एका वाचकाने आबासाहेबांच्या कानावर घातले होते.

कोणी किती व्यायाम करायचा, हा प्रश्न पहिल्याच सभेत निघाला. उपाध्यक्षांनी तो चुटकीसरशी सोडवला. अध्यक्षांनी रोज शंभर बैठका माराव्यात, उपाध्यक्षांनी ऐंशी, कार्यकारिणीने साठ, साध्या सभासदांनी चाळीस आणि पगारी नोकरांनी वीस. "मान राखला पायजे," ते म्हणाले. सगळ्यांना ते न्याय्य वाटले. मलाही वाटले, कारण मी वाचनालयाचा पगारी नोकर होतो आणि माझ्या वाट्याला वीसच होत्या. पत्र्याच्या पाटीवर पांढऱ्या रंगात तो तक्ता रंगवून घेतला आणि मैदानाकडेच्या खोलीत खिळा ठोकून लावला. मग सगळे शिकवायला माणूस शोधायला निघाले.

रमजान शिकलगार मूळचे म्हसवडचे. लष्करात त्यांनी जवानांना कवायत आणि व्यायाम शिकवण्यात उमेद घालवली होती आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. तिकडे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. ते नाव त्यांच्यामागे सांगलीत आले. साताऱ्यात त्यांच्या भावाचे सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे दुकान होते, आणि लष्करात जाण्याआधी उस्तादही त्याच चाकावर बसत. मुलाखतीला ते आले तेव्हा कार्यकारिणीचा चेहरा पडला. रुंद छातीचा, मांड्या थोपटणारा कोणी येईल अशी सर्वांची कल्पना होती. आले ते बुटके, वाळके, करड्या मिशांचे गृहस्थ. खाकी अर्धी चड्डी कडक इस्त्रीची आणि कॅनव्हासचे बूट खडूने पांढरे केलेले. आबासाहेबांनी त्यांना पाटी दाखवली. उस्तादांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली.

"कसा वाटतो तक्ता?" उपाध्यक्षांनी विचारले.

"खिळा लय मजबूत मारलाय," उस्ताद म्हणाले, आणि आपला टॉवेल त्यांनी त्या पाटीवर टाकला. त्यानंतर मंडळ होते तोवर ती पाटी टॉवेल टाकायलाच वापरली गेली.

पहिले आठ दिवस त्यांनी कोणाला एक बैठकही मारू दिली नाही. एकेकाला घेऊन ते मैदानाला फेरी मारत, मग घाटाच्या पायऱ्या उतरत आणि चढत. आणि सारखे म्हणत, "बोला. बोलत ऱ्हावा." काय बोलायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. लोक खूश झाले. आपले कोणीतरी ऐकून घेते आहे, हे गावातल्या मोठ्या माणसांना फार आवडते. आमच्या डॉक्टरांनी सासऱ्याबद्दल मनात साठलेले सगळे त्या पायऱ्यांवर सांगून टाकले. नंतर त्यांना धास्ती वाटली आणि त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, की हा माणूस बाहेर बोलणार तर नाही ना? मी भीत भीत ते उस्तादांना सांगितले. ते मोठ्याने हसले.

"मास्तर, काय बोलत्यात ते मी ऐकतच न्हाई. कुठं तुटतंय तेवढं ऐकतो."

हीच त्यांची सगळी विद्या होती. माणूस आरामात चालला असेल तर तो लांबलचक वाक्ये बोलतो, मध्ये 'परंतु' आणि 'त्यामुळे' घालतो. थोडा जोर पडला की वाक्ये आखूड होतात. आणखी जोर पडला की तो 'व्हय' आणि 'न्हाई' यांवर येतो. पुढे एक टप्पा असा येतो की माणूस शब्दाच्या मध्येच श्वास घेतो. तिथे उस्ताद हात वर करत. "बस. आजचं झालं." तुम्ही म्हणालात की अजून जमेल, तर म्हणायचे, "जमंल की. पण उद्या यावंसं वाटलं पायजे. उद्याचं आजच खाऊ नगा." दुसऱ्या दिवशी आल्या आल्या दोन प्रश्न ठरलेले असत: काल झोप लागली का, आणि सकाळी जिना कसा उतरलात. उत्तर नीट आले नाही तर त्या दिवशी निम्मेच.

हे कुठे शिकलात, असे मी एकदा विचारले. लष्करात, असे उत्तर येईल म्हणून मी थांबलो होतो. ते म्हणाले, "बापाजवळ, चाकावर. पातं दगडावर किती दाबायचं, ते डोळ्यानं कळत न्हाई. आवाज बदलतो. बदलला की उचलायचं. न्हाई उचललं तर धार जाती आन् पातंबी."

माझी मात्र त्यांना अडचण झाली. मी मुळात कमी बोलणारा. पहिल्या दिवशी दोन फेऱ्या झाल्या तरी मी चार शब्दांपुढे गेलो नव्हतो. "मास्तर, तुमी दमलाय का तुमचा सोभावच असाय, ते मला कसं कळावं?" ते म्हणाले. "काय पाठ हाय का?" मला वाचनालयाचे नियम पाठ होते, बावीस होते. मग मी रोज घाटाच्या पायऱ्या चढताना ते म्हणू लागलो. "नियम पहिला: वाचनालयात शांतता पाळावी." हे मी नदीकाठी खड्या आवाजात म्हणत असे आणि कपडे धुणाऱ्या बाया माना वळवून पाहत. पहिल्या आठवड्यात माझा दम चौथ्या नियमावर तुटायचा. चौथा नियम पाने न दुमडण्याविषयी होता. पावसाळ्यापर्यंत मी अकराव्यावर गेलो, दिवाळीला पंधराव्यावर. उस्तादांना लिहिता-वाचता बेताचेच येई, पण माझे बावीस नियम त्यांना माझ्याइतकेच पाठ झाले. एकदा मी दम लपवायला नववा नियम गाळला, तर म्हणाले, "आज मासिकं घरला न्यायला परवानगी हाय वाटतं?"

आता आबासाहेब. त्यांच्याबद्दल लिहिताना मला सांभाळावे लागते, कारण ते वाईट नव्हते. फक्त फार दिवस त्यांना कोणी 'नाही' म्हटले नव्हते. बोला म्हटल्यावर ते भाषण करू लागले. "बंधूंनो आणि भगिनींनो, सहकार ही आपली आई आहे..." आणि ते भाषण चढावरही तुटत नव्हते. तीन दिवस उस्ताद चक्रावले. चेहरा लाल, गळ्यावर घाम, आणि वाक्य मात्र सलग. चौथ्या दिवशी त्यांच्या ध्यानात आले. भाषणात टाळ्यांसाठी थांबायची आबासाहेबांची पद्धत होती. चढावरही ते तसेच थांबत आणि त्या थांब्यात दम भरून घेत.

"आबासाहेब, हितं टाळ्या वाजवायला कोण न्हाई," उस्ताद म्हणाले. "भाषण नगो. आईचं सांगा."

आबासाहेब मेढ्याचे. त्यांच्या आईकडे चार म्हशी होत्या. त्यांची नावे चंद्री, गोदी, ढवळी आणि बारकी. ढवळी काळीच होती, हे ते प्रत्येक वेळी सांगत. आईचे सांगताना त्यांची भाषणातली भाषा गळून पडे आणि ते आमच्यासारखे बोलू लागत. त्या भाषेत टाळ्यांसाठी थांबा नव्हता. उस्तादांनी पहिल्याच दिवशी त्यांना गोदीवर थांबवले.

"तुमच्या बैठका अकरा," त्यांनी निकाल दिला.

"अकरा?" आबासाहेब म्हणाले. "आन् ह्या मास्तरांच्या किती?"

"चौदा."

"आवं, मास्तरांच्या आमच्यापरास जास्त?"

"मास्तरांचं पोट तुमच्यापरास कमी हाय. पगार कमी हाय, त्याला मी काय करू?"

सगळे हसले. उपाध्यक्ष आधी आबासाहेबांकडे पाहून घेऊन मग हसले. खरी पंचाईत त्यांचीच झाली होती. ते सडपातळ होते, तीस बैठका त्यांनी सहज मारल्या असत्या; पण अध्यक्ष अकरावर असताना बारावी मारायची कशी? ते दहावर थांबत आणि कमरेवर हात ठेवून धापा टाकत. उस्ताद त्यांना विचारत, "वाक्य तर सरळ चाललंय, मग धाप कुठनं आणली?" पुढे आबासाहेब पंधरावर गेले, तसे उपाध्यक्षांचेही चौदावर प्रमोशन झाले.

असे दीड वर्ष चांगले गेले. आबासाहेब म्हशींची चारही नावे घेऊन घाट चढू लागले होते. बैठका वीसपर्यंत आल्या होत्या. तेवढ्यात त्यांच्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाची समिती झाली. गौरवग्रंथ, सत्कार, मिरवणूक हे सगळे ठरलेले होते. उपाध्यक्षांनी त्यात भर घातली, की साहेबांनी जाहीर एक्कावन्न बैठका मारून तरुणांपुढे आदर्श ठेवावा. उस्तादांना कळले तेव्हा ते खोलीत बुटांना खडू लावत होते.

"एक्कावन्न हे वय हाय, आबासाहेब. बैठका न्हाईत."

"जमतंय ओ. लोकांसमोर माणसाला जोर येतो."

"त्येचंच भ्या हाय मला. लोकांसमोर आवाज ऐकू येत न्हाई."

आबासाहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. उस्तादांनी एकच अट घातली: ते स्वतः शेजारी उभे राहतील; त्यांनी विचारले तर आबासाहेबांनी उत्तर द्यायचे. आबासाहेबांनी हसत हसत वचन दिले. त्या वेळी खोलीत मी होतो, डॉक्टर होते आणि उपाध्यक्ष होते. डॉक्टरांना विचारले गेले, साहेबांची प्रकृती कशी आहे? डॉक्टरांनी साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि ठणठणीत आहे, असे सांगितले. नाडी त्यांनी पाहिली नाही.

गुरुवारी मांडव गच्च होता. सनई होती, लाऊडस्पीकर होता. आबासाहेब धोतराचा काचा मारून उतरले आणि लोक मोजू लागले. दहा, अकरा, बारा. प्रत्येक आकड्याला टाळी. विसाव्यानंतर उस्ताद त्यांच्या कानाशी वाकून काही बोलले. आबासाहेबांनी मान हलवली. पंचविसाव्याला ते पुन्हा वाकले. मी चिटणीस म्हणून अगदी जवळ, टेबलाशी बसलो होतो. त्यांचे शब्द मला स्पष्ट ऐकू आले.

"आबासाहेब, म्हशींची नावं घ्या."

"चंद्री," आबासाहेब म्हणाले. मग त्यांचे तोंड उघडे राहिले. त्यांनी उजवा हात वर केला आणि लोकांकडे पाहून हलवला. लोकांना वाटले, अभिवादन करताहेत. टाळ्यांचा कडकडाट झाला. आबासाहेब सव्विसाव्यासाठी खाली बसले, उठले, आणि उस्तादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बस. झालं." आबासाहेबांचे ओठ त्या वेळी पांढरे पडले होते. मागून कोणीतरी ओरडले, "आरं, अजून पंचवीस ऱ्हायल्या की!" आणि हशा पिकला.

खरी गंमत पुढेच झाली. आबासाहेबांना काहीच झाले नाही. तासाभराने त्यांनी हार घेतले, भाषण केले आणि जेवायला बसले. डॉक्टर म्हणाले, उन्हाने जरा थकवा आला होता. आबासाहेब त्याच वेळी कोसळले असते आणि मग उस्तादांनी त्यांना सावरले असते, तर उस्तादांचा सत्कार झाला असता. आधी थांबवल्यामुळे काही घडलेच नाही, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल आभाराचा ठराव कसा करणार?

शनिवारी सभा भरली. उस्ताद दाराशी उभे होते. उपाध्यक्षांनी ठराव मांडला, की शिकलगार यांनी मा. अध्यक्षांचा जाहीर उपमर्द केल्याने त्यांना सेवेतून कमी करावे. आबासाहेब खिडकीतून नदीकडे पाहत राहिले. कोणाला काही बोलायचे आहे का, असे विचारण्यात आले. मी टेबलाशी होतो. मी 'चंद्री' ऐकले होते. पुढची तीन नावे आली नाहीत, हेही ऐकले होते. उस्ताद माझ्याकडे पाहत नव्हते, पण ऐकत होते. मी मान खाली घालून लिहिले: 'ठराव सर्वानुमते मंजूर.' त्याच वहीत आदल्या पानावर, गौरवग्रंथात आधीच छापून आलेला मजकूर मला उतरवून घ्यायला सांगितला होता: 'मा. आबासाहेबांनी एक्कावन्न बैठका लीलया पूर्ण केल्या.' एका पानावर बैठका पूर्ण आहेत, पुढच्या पानावर त्या पूर्ण होऊ न दिल्याबद्दल माणूस घालवला आहे. दोन्ही पानांवर अक्षर सुरेख आहे.

उस्तादांनी पाटीवरून टॉवेल काढला. जाताना मला म्हणाले, "नियम चालू ठेवा, मास्तर. सोळाव्यावर आलाय." एवढेच. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते.

पुढच्या उन्हाळ्यात मी साताऱ्याला गेलो. भावाच्या दुकानात उस्ताद पायाने चाक फिरवत कोयत्याला धार लावत होते. त्यांनी मला बसवले, चहा मागवला, आणि मग ठरवल्यासारखे म्हणाले, "चला, ऐकू तरी कुठवर आलाय." किल्ल्याच्या पायथ्याकडे जाणाऱ्या चढाने आम्ही निघालो. मी नियम म्हणू लागलो, ते मध्ये मध्ये शेरे मारत होते. बाराव्या नियमाला ते म्हणाले, "ह्यो नियम तुमच्या लोकांनी," आणि थांबले, "कवाच पाळला," आणि पुन्हा थांबले, "न्हाई." मी दोन पावले पुढे गेलो होतो. वाक्य दोन ठिकाणी तुटले होते. मी मागे वळलो.

"उस्ताद, बस. झालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग रस्त्याकडेच्या दगडावर बसले. छातीवर हात होता.

"किती दिवस होतंय असं?" मी विचारले.

"दिवाळीपास्नं."

"कोणाला दाखवलंत?"

"दुसऱ्याचं ऐकू येतं, मास्तर. आपलं न्हाई ऐकू येत." थोड्या वेळाने ते हसले. "आज बोललासा की तुमी. त्या दिवशी सभेत तुमचा दम कुठं तुटला वो?"

दम तुटला नव्हता. बावीसही नियम म्हणता येतील एवढा दम त्या दिवशी माझ्या छातीत होता. मी तसे त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली. "ठावं हाय मला. ऐकलं की मी," ते म्हणाले, आणि हाताचा आधार मागितला. आम्ही सावकाश उतरलो. मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. औषधे सुरू झाली. सात महिन्यांनी भावाचे कार्ड आले. उस्ताद चाकावर बसलेले असतानाच गेले होते.

ते कार्ड आले त्याच आठवड्यात आबासाहेब वाचनालयात आले. इतक्या वर्षांत ते तिथे प्रथमच येत होते. वर्तमानपत्र उघडून बसले, पण वाचत नव्हते. सगळे वाचक गेल्यावर माझ्या टेबलाशी आले.

"मास्तर, शिकलगार गेले म्हणं."

"हो."

"चार म्हशी व्हत्या आमच्या. चंद्री, गोदी, ढवळी, बारकी." ते थांबले. "त्या दिवशी मला एकीचंबी नाव आठवंना. पैलं तेवढं तोंडातनं गेलं. डोळ्यापुढं समदा अंधार व्हता, मास्तर."

मी म्हटले, "हे सभेत सांगाल का? वहीत लिहून ठेवतो."

त्यांनी दाराकडे पाहिले. दाराशी कोणी नव्हते. "आता ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि टोपी घालून गेले. या वेळी मात्र मी त्यांच्यामागून पायरीपर्यंत गेलो आणि म्हणालो, "आबासाहेब, मी लिहिणार आहे." त्यांनी मागे न वळता हात वर केला. तो होकार होता की अभिवादन, ते मला कळले नाही.

मी त्याच संध्याकाळी, वाचनालय बंद करण्याआधीच वही काढली आणि त्या ठरावाखाली लिहिले: 'हा ठराव सर्वानुमते नव्हता. चिटणीसाचे मत विरुद्ध होते व त्याने ते सांगितले नाही.' खाली सही केली. मंडळ पुढे वर्षभरात बंद पडले. ती वही कोणी मागितली नाही.

आता आबासाहेब नाहीत, डॉक्टर नाहीत. वाचनालयाचे नियमही बदलले; नवे मला पाठ नाहीत. मी रोज सकाळी घाटावर जातो आणि जुनेच म्हणतो. एके काळी एकोणिसाव्यापर्यंत गेलो होतो. सध्या सातव्यावर थांबतो.